उघड्या डोळ्यांची प्रार्थना

माझी मुलगी चौथीत असताना तिला कावीळ झाली आणि बरेच दिवस ती अंथरुणात होती. आमच्या चर्चच्या मंडळीत एक निवृत्त नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणायचे. त्या रोज संध्याकाळी आमच्या घरी यायच्या, मुलीची पापणी खाली ओढून डोळ्यातला पिवळेपणा बघायच्या, रस्त्यावरचा उसाचा रस द्यायचा नाही म्हणून मला दम भरायच्या आणि निघायच्या आधी म्हणायच्या, "चल, प्रार्थना कर."

आम्ही मूळचे जालन्याकडचे ख्रिस्ती. लग्न झाल्यावर मी सुरतला आले ती लिंबायतमधल्या याच घरात. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, दाराबाहेर ओटला, म्हणजे बसायचा ओटा. माझे मिस्टर बमरोलीला यंत्रमागाच्या खात्यात कारागीर होते. खातं म्हणजे मागांचा कारखाना, इथं सगळे तसंच म्हणतात. मी घरी बसून साड्यांना लेस लावायचे काम करायचे. रविवारी सकाळची गुजराती उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये दुपारी आमची मराठी उपासना व्हायची. गल्लीत बहुतेक घरं खानदेशातली, हिंदू. त्यांच्या बायका मला पहिल्या वर्षी "जालनावाली" म्हणायच्या, मग मुलगी झाल्यावर मुलीच्या नावाने हाक मारायला लागल्या.

मुलीच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, ती उठून खेळायला लागली, तरी सिस्टरबाई सवयीने एक दिवस आल्या. म्हणाल्या, प्रार्थना कर. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. मुलीला ताकद दे, तिचा बुडालेला अभ्यास भरून निघू दे, मिस्टरांच्या खात्यात काम टिकू दे, सासऱ्यांचा गुडघा बरा कर, पाण्याच्या नळाचं बघ. बराच वेळ चाललं. आमेन म्हणून मी डोळे उघडले तर सिस्टरबाई माझ्याकडे बघत होत्या.

"पोरगी बरी झाली ना?"

"झाली."

"मग ते सांगितलंस का त्याला?"

मला आधी कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "इतके दिवस रोज त्याच्या दारात उभी राहून मागत होतीस. मिळाल्यावर मागे वळून सांगायला गेलीस का? तू पुढच्या मागण्या घेऊनच गेलीस."

त्या रागावून बोलत नव्हत्या. इंजेक्शन देताना नर्स जशी साध्या आवाजात सांगते, हात सैल सोड, तसं सांगत होत्या. त्यांनीच मग पद्धत घालून दिली. संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, देवाला, मोठ्याने. ती गोष्ट त्याच दिवसाची हवी. कालची चालणार नाही. मोठी शोधत बसायचं नाही. आणि त्या वेळी काहीही मागायचं नाही. मागायची प्रार्थना सकाळी करा, म्हणाल्या, त्याला कोणी मनाई केलेली नाही.

आम्ही दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं आणि पहिले काही आठवडे ते फारच अवघड गेलं. आम्हा नवरा-बायकोला एकमेकांसमोर असं बोलायची सवय नव्हती. चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून देवाने काय केलं त्याची साक्ष देणं वेगळं, आणि समोर भाकरीचं टोपलं ठेवून आपला नवरा ऐकत असताना देवाशी बोलणं वेगळं. मी म्हणायचे, "प्रभू, आजच्या अन्नाबद्दल तुझे उपकार." मिस्टर म्हणायचे, "तसंच माझंही." मुलगी फिदीफिदी हसायची. मग तिनेच एक दिवस भांडण काढलं की मम्मी रोज तेच म्हणते, अन्न बंद. त्यानंतर अन्नाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं आणि आमची खरी पंचाईत झाली. दुपारी लेस लावता लावता मी शोधायला लागले, आज सांगायचं काय.

सवय लागते ती अशीच. शोधायला लागलं की दिसायला लागतं, एवढंच मी म्हणेन, त्याहून मोठा दावा करणार नाही. सुई मोडली नाही. पार्सलवाल्याने साड्यांचा गठ्ठा घरात आणून टाकला, मला उचलावा लागला नाही. शेजारच्या काकूंनी न मागता कढीपत्ता दिला. मिस्टरांचं सगळं खात्यातलं असायचं. "आज लाइट गेली नाही." "आज सुताचा नवा बीम पहिल्या झटक्यात मागावर बसला." "आज धागे फार तुटले नाहीत." ते मोजकं बोलायचे, पण बोलायचे. मुलगी शाळेतून मराठी, गुजराती, हिंदी सगळं एकत्र घेऊन यायची आणि तसंच देवाला सांगायची. "प्रभू, आजे टीचर आल्या नाहीत, बहु मजा आवी, थँक यू." मिस्टर पोट धरून हसायचे. त्यांचं हसणं मोठं होतं.

अशी वर्षं गेली. मुलगी कॉलेजात गेली.

तिच्या दुसऱ्या वर्षातली एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. त्या दिवशी तिचा पेपर होता, ती नेहमीपेक्षा उशिरा आली होती, कोपराला खरचटलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, सांगते, आधी बसू. आम्ही बसलो, डोळे मिटले. तिची सांगायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "प्रभू, आज आमची रिक्षा उलटली. मी आतच होते. मला काही झालं नाही, आणि त्या काकांनाही काही झालं नाही. तुझे खूप उपकार."

मी डोळे उघडले. आणि मिस्टर म्हणाले, "आमेन," आणि त्यांनी भाकरी घेतली.

हा माणूस पोरीला यायला जरा उशीर झाला तर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहणारा. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत का काय म्हणाली ती?"

"ऐकलं की. चांगलं झालं."

"काय चांगलं झालं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मुलीकडे बघितलं. म्हणाले, "पेपर चांगला गेला ना तुझा?"

मुलगी उठून त्यांच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पप्पा." ते भाकरीचा तुकडा मोडत होते. तिने पुन्हा हाक मारली, थोडी मोठ्याने. ते मोडतच राहिले. मग तिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकून वळले, आणि तिचा चेहरा बघून त्यांना समजलं, आपल्याला ऐकू येत नाही हे उघडं पडलं.

तुकडा ताटात ठेवून ते खाली बघून बोलले. "खात्यात सगळ्यांचंच असं होतं. तिथं कोण बोलतंय? आम्ही हातानंच बोलतो."

ते खरं होतं. मी एकदा त्यांना डबा द्यायला खात्यात गेले होते तेव्हा बघितलं होतं. माग चालू असताना कानाशी ओरडलं तरी शब्द पोचत नाही. कारागीर लांबून खुणा करतात. अंगठा तोंडाशी नेला की पाणी, मनगट गोल फिरवलं की बीम संपत आला, मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला. आयुष्य त्यात घालवलेला माणूस घरी आल्यावर गप्प असतो, हे मला दमल्यामुळे वाटायचं.

"मग रोज आमेन कसं म्हणायचात?" मुलीने त्यांच्यासमोर बसून, तोंड मोठं उघडून विचारलं.

"एक डोळा किलकिला ठेवायचो. ओठ थांबले की म्हणायचो."

कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही नक्की माहीत नसावं.

आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून तपासलं. डॉक्टर तरुण होते, नीट समजावून सांगत होते. कानाची नस गेली आहे, म्हणाले, आवाजाने गेली आहे, ती परत येत नाही. जे उरलंय ते सांभाळा, मागाचं काम सोडा. कानात घालायचं मशीन घ्या. मिस्टर हे सगळं डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काय म्हणाला तो?" मी म्हटलं, "काम सोडा म्हणाले." ते म्हणाले, "ते कळलं. त्याच्या आधीचं?" परत येत नाही, हे मला तिथे जिन्यात उभं राहून मोठ्याने सांगावं लागलं. जाणारे-येणारे बघत होते.

माग सुटला. ओळखीतून त्यांना घडी खात्यात काम मिळालं. तिथे तयार कापडाचे तागे तपासायचे आणि घड्या घालायच्या. शांत काम. मशीनही घेतलं, पण त्याचा फायदा थोडा झाला. "भांडं पडलेलं ऐकू येतं," ते म्हणाले, "कुत्रं ऐकू येतं, हॉर्न ऐकू येतो. माणूस बोलला की नुसती खरखर. शब्दच लागत नाही." महिन्याभरात ते मशीन कपाटात गेलं.

आणि एका संध्याकाळी ते जेवणाआधी उठून ओटल्यावर जाऊन बसले. मी दारात गेले, खूण केली, या. त्यांनी मान हलवली.

"तुम्ही करा. मी नाही बसणार."

"का?"

"कशाचे उपकार मानू?" त्यांचा आवाज हल्ली फार मोठा झाला होता, स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे. पूर्ण गल्लीने ऐकलं. "पोरगी काय बोलते ते ऐकू येत नाही मला. तिचा आवाज कसा होता तेही विसरायला लागलोय. आणि मी रोज बसून काय म्हणू? लाइट गेली नाही?"

मी आत आले. मुलगी आणि मी बसलो, आपापलं सांगितलं, आमेन म्हटलं. आमचं झाल्यावर ते आत येऊन जेवले.

पुढे असंच चालू राहिलं. मुलीचं कॉलेज संपलं, तिला पलसाण्याच्या एका डाईंग मिलच्या ऑफिसात नोकरी लागली, तेव्हाही आम्ही दोघींनीच त्याबद्दल उपकार मानले आणि मी ओटल्यावर जाऊन त्यांना खुणेने सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आनंद झालेला दिसत होता, पण आत येऊन बसले नाहीत. चर्चला यायचे, माझ्या शेजारी बसायचे, गीत चालू असताना पुस्तक धरायचे. ओठ हलायचे नाहीत.

माझीही प्रार्थना त्या काळात कोरडी झाली होती. मी सवय सोडली नाही, इतकंच. संध्याकाळ झाली की बसायचं आणि एक गोष्ट सांगायची, आज दोरा पुरला, एवढीच का असेना. बायकांच्या प्रार्थनासभेत एकीने मला सांगितलं की बहिरेपणाबद्दलही उपकार मान, त्यातही देवाचा हेतू असतो. मी घरी येऊन तसं म्हणून बघितलं. शब्द तोंडातून बाहेर निघाले, पण खोटे होते, ते माझं मलाच कळत होतं. मी सिस्टरबाईंकडे गेले. त्या तेव्हा फार थकल्या होत्या, खाटेवर पडूनच बोलायच्या.

"त्याबद्दल उपकार मानायला मी नाही सांगणार तुला," त्या म्हणाल्या. "कान गेला, ते वाईटच झालं. त्याबद्दल रड, भांड, देवाला विचार. रडून झालं की मग त्या दिवशी जे खरंच हातात पडलं ते पडलं म्हणून सांग. दोन्ही खरं असू शकतं. एकासाठी दुसरं लपवायचं नाही."

मला बरं वाटलं. म्हणजे दुःख कमी झालं असं नाही, पण खोटं बोलायची गरज संपली.

मग मुलीचा घसा बसला. मिलच्या आवारातल्या रंगाच्या वासाने म्हणा किंवा साथ होती म्हणून, आधी ताप आला, तो उतरला, पण आवाज पूर्ण गेला. नुसता वारा यायचा. डॉक्टरने बजावलं की काही दिवस अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. ती कामावर जायची आणि तशीच गप्प परत यायची.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. मिस्टर ओटल्यावर होते, पण उकाडा असल्यामुळे दार सताड उघडं होतं आणि त्यांचं तोंड आतल्या बाजूला होतं. माझं सांगून झालं. मग मुलीची सांगायची पाळी आली. ती डोळे उघडून बसली आणि हातवारे करायला लागली. दोन मुठी धरून वळवल्या. मग मांडीशेजारी जमिनीवर थाप मारली. मग एक हात केसांतून मागे नेला आणि डोळे मिटून तोंड वर केलं.

मी म्हटलं, "काय? पोळ्या लाटल्यास? डोकं दुखतंय?"

तिने जोरात मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. मुठी, थाप, केस.

"केस धुतलेस?"

ती कपाळाला हात लावून हसायला लागली, आवाज न करता. आणि ओटल्यावरून मिस्टर ओरडले, "अगं, बस! बसमध्ये जागा मिळाली तिला. खिडकीची. वारा खात आली पलसाण्यापासून!"

मुलीने त्यांच्याकडे वळून दोन्ही हात वर केले. बरोबर.

त्यांनी तिला पुढे खुणेने काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं, तिने नाकावर चष्मा दाखवून गाल फुगवले, आणि हे हसायला लागले, ते जुनं, मोठं हसणं. मला त्यातलं काही समजत नव्हतं. तिच्या साहेबाबद्दल चाललं होतं, ते नंतर कळलं. ते बोलत बोलत, म्हणजे हात हलवत हलवत, आत आले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. मी काही बोलले असते तर ते परत उठून गेले असते, अशी भीती वाटली.

हातवारे थांबले. मुलीने हात जोडले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. पाळी त्यांची होती.

त्यांनीही हात जोडले. मग म्हणाले, "देवबापा, आज पोरीचं मला कळलं." आणि थोडं थांबून, "हिला नाही कळलं, मला कळलं. तुझे उपकार."

मी आमेन म्हटलं आणि भाजी वाढायला घेतली, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

मुलीचा आवाज आठवड्याभरात परत आला, पण तिने ठरवून टाकलं होतं. "आता डोळे मिटायचे नाहीत," ती म्हणाली. "पप्पांना ओठ दिसले पाहिजेत." ट्यूबलाइट आमच्या पाठीमागच्या भिंतीवर होती, त्यामुळे आमचे चेहरे अंधारात यायचे. तिने वायरमन बोलावून ती समोरच्या भिंतीवर घेतली. जेवणाची जागा बदलली, तिघंही एकमेकांना दिसू अशी.

मला ते फार चमत्कारिक वाटायचं. लहानपणापासून शिकलेलं, प्रार्थना म्हणजे हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, डोळे उघडले म्हणून मी टपली खाल्लेली. मी सिस्टरबाईंना विचारलं, चालेल का असं. त्या म्हणाल्या, "डोळे कशाला मिटतो आपण? लक्ष इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. तुमचं लक्ष कुठं जाणार आहे, एकमेकांच्या तोंडाकडेच ना? बसा खुशाल." ती आमची शेवटचीच भेट. पुढच्या थंडीत त्या प्रभूकडे गेल्या.

डोळे उघडे ठेवून उपकार मानायला लागलं की काय होतं, ते मी तेव्हा शिकले. आधी म्हणजे फार बोलता येत नाही. "हे दयाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या" असं लांबलचक सुरू केलं की मिस्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. थोडे शब्द, सावकाश, ओठ नीट हलवून. जे सांगायचं ते आधी स्वतःला नीट माहीत पाहिजे. दुसरं म्हणजे मनात नसलेलं बोलता येत नाही. समोरचा माणूस ओठ वाचताना पूर्ण चेहरा वाचत असतो. एकदा मी म्हटलं, "आज मन शांत होतं." ते म्हणाले, "नव्हतं. दुपारी तू भांडी आपटत होतीस, तेवढं ऐकू येतं मला." मला शब्द बदलावे लागले.

घोटाळेही व्हायचे. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, हे आम्हाला माहीत नव्हतं. मुलगी म्हणाली, "आज मामांचा फोन आला, त्याबद्दल उपकार." मिस्टर म्हणाले, "पप्पांचा? मी कधी केला फोन?" तेव्हापासून मामा म्हणायचं असलं की ती आधी जालन्याच्या दिशेला बोट दाखवते. अशा खुणा वाढत गेल्या. काही खात्यातल्या, काही आमच्या घरात तयार झालेल्या. देवाची खूण मात्र कोणी ठरवली नाही. मिस्टर वर न बघता नुसतं सरळ समोर बघतात, आमच्या तिघांच्या मधल्या जागेकडे, आणि बोलतात.

त्यांचा आवाज काही लहान झाला नाही. आमच्या घरचे उपकार गल्लीला पाठ झाले. शेजारच्या काकू धुळ्याकडच्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या. त्या एकदा डब्यात लोणचं घेऊन आल्या तेव्हा आम्ही बसलो होतो. दारात उभ्या राहून बघत राहिल्या.

"काय व, देवनासमोर डोया उघडा ठेयीसन बठतस तुम्ही?"

आम्ही डोळे का मिटत नाही, ते मी त्यांना सांगितलं. मिस्टरांना वाटलं काकूंना काही सांगायचं आहे. ते सरकून जागा करून देत म्हणाले, "बसा काकू. तुमचं काय आजचं?"

काकू गडबडल्या. लोणच्याचा डबा मांडीवर घेऊन टेकल्या, पदर डोक्यावर घेतला. त्यांचा देव वेगळा, आमचा वेगळा, हे त्यांनाही माहीत आणि आम्हालाही. पण विचारलं तर त्यांनी टाळलं नाही. म्हणाल्या, "मन्या नातीले आज दात उना."

मिस्टरांनी ओठांवरून ते ओळखलं नाही, अहिराणी होतं म्हणून. मुलीने तोंड उघडून दाताला बोट लावलं, मग हाताने बाळ झुलवलं. मिस्टर काकूंकडे बघून म्हणाले, "दात आला? वा, वा!" काकू नंतर कधी मुद्दाम बसायला आल्या नाहीत, पण कधी कधी आमच्या वेळेला त्यांच्या दारातून ओरडून सांगतात, आज गॅस आला, आज सून माहेराहून आली. मी ते मिस्टरांना खुणेने सांगते.

आता मुलीचं लग्न झालंय. ती नवऱ्याबरोबर पलसाण्यालाच राहते. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. फोन डब्याला टेकवून ठेवतो, तिचं तोंड मिस्टरांना दिसेल असा. तिथे नेटवर्क धड नसतं. कधी ती बोलता बोलता गोठते, तोंड अर्धवट उघडं राहतं, आणि मिस्टर तिच्या ओठांकडे बघत वाट पाहत बसतात. जावई पहिल्यांदा फार लाजले. त्यांच्या घरी अशी पद्धत नव्हती. आता ते स्वतःहून फोन धरतात आणि अंगठा, बोटं वापरून काहीतरी सांगायचा प्रयत्न करतात. मिस्टर त्यांच्या खुणा मुद्दाम चुकीच्या ओळखतात. जावयाला अजून ते कळलेलं नाही.

सगळं छान झालं असं मात्र कोणी समजू नये. मिस्टरांच्या कानात हल्ली शिट्टी वाजते, ती दिवसभर थांबत नाही. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना ते कंटाळतात, कारण पाळकसाहेब बोलताना खाली पुस्तकात बघतात. कधी कधी काही सापडत नाही. तेव्हा सरळ म्हणतात, "आज काही नाही." मग आमच्यात एक रीत पडली आहे. एकाला सापडलं नाही तर दुसऱ्याने त्याच्या वतीने शोधायचं. त्यांच्यासाठी मी बऱ्याचदा शोधते. आज कामावर चहा गरम मिळाला असेल. आज गुडघा कमी दुखला असेल. ते मान हलवतात, नाही, नाही, आणि मग एखाद्याला हो म्हणतात.

काल उलटं झालं. काल माझं डोकं सकाळपासून धरलं होतं, गठ्ठा अपुरा राहिला होता, मुलीचा फोनही लागला नाही. आम्ही दोघंच बसलो. मी ओठ हलवून म्हटलं, "माझं आज काही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "देवबापा, ही आज दुपारी झोपली. मी घरी आलो तेव्हा झोपलेली होती, तोंड उघडं होतं. मी कडी न वाजवता आत आलो. तिला झोप दिलीस, तुझे उपकार."

समोरच्या घरात कोणीतरी हसलं. मी आमेन म्हटलं आणि ताट पुढे ओढलं.